पितळी समोवर

नवरा गेल्यापासून मुलांना मिळणारं सरकारी अनुदान चालू ठेवायचं की नाही ते ठरवायला नारीन शहरातून तपासनीस बाई यायच्या होत्या. मी घर होतं तसंच ओकंबोकं ठेवलं. पाणी भरून परतले, तर सासूबाईंनी शेजाऱ्यांचा भलामोठा, बंबासारखा पितळी समोवर चहासाठी पेटवलेला! "अहो आई, एवढी श्रीमंती बघून अनुदान बंद करतील ना!" "म्हणून काय किर्गिझांच्या घरात पाहुणीला किटलीतला चहा देऊ?" तेवढ्यात बाई आल्याच. अर्जातल्या किमती वस्तूंच्या रकान्यावर पेन टेकवून समोवराकडे बघत राहिल्या. मग समोवराच्या अंगावरच्या पोच्यावरून बोट फिरवत त्या खुदकन हसल्या. "सकाळपासून हा मला तिसऱ्या घरात भेटतोय." रकाना रिकामा सोडून त्यांनी निवांत चहा घेतला. निघताना म्हणाल्या, "मागच्या दाराने पाठवा याला. पुढच्या घरी मी जरा सावकाश जाते."