रिकामं पात्र

धरणाचा भोंगा वाजला तेव्हा अण्णांच्या दहाव्याला आम्ही नदीच्या पात्रात, त्यांच्या पिंडाभोवती उभे होतो. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता.

"अण्णा, शेत विकणार नाही," दादाने हात जोडून शब्द दिला.

"बहिणीला अंतर देणार नाही म्हण," काकांनी सुचवलं. "नाहीतर त्याची विडी ठेवून बघ."

कावळे ढिम्म. मी पाण्याकडे पाहत होते. मघाशी कोरडा असलेला दगड आता अर्धा बुडाला होता.

"काका, वर चला. पाणी सोडलंय."

"भोंग्यानंतर अर्धा तास असतो. तुझ्या बापानंच शिकवलंय गावाला. कावळा शिवल्याशिवाय कसं हलायचं?"

तो अर्धा तास अण्णांचा होता. तीस वर्षं धरणाचे दरवाजे त्यांनीच उघडले. भोंगा दिला की ते दुर्बिणीतून पात्रातली माणसं मोजायचे आणि शेवटचा माणूस काठावर चढेपर्यंत बटणाला हात लावायचे नाहीत. आज त्यांच्या खोलीत दुसरं कोणीतरी होतं.

गार पाणी घोट्याला लागलं. मी दादाचा दंड धरला आणि ओरडले, "अण्णा, सगळ्यांना वर नेते!"

काका शिव्या घालत चढले. काठावर पोचल्यावर मी माणसं मोजली. अकराच्या अकरा होती.

मागे वळून पाहिलं. पात्रात कोणी उरलं नव्हतं. तेव्हा कावळा उतरला, पिंडाला चोच मारून उडाला, आणि मागोमाग पाण्याचा लोंढा आला.