झुलती आणि नखुली

"दोघंही एकाच आईची लेकरं आहेत, आई," लेक म्हणाली आणि तिने दोन लहान कुंड्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या.

आईने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. हातातलं जाडजूड पुस्तक मिटताना खुणेची तपकिरी कागदी पट्टी पानात नीट सरकवली.

दोन्ही कुंड्यांत थॅलिक्ट्रम नावाचं रानरोपच होतं. कुरणात कमरेएवढं वाढणारं, पानं हंसराजासारखी नाजूक, तीन-तीनच्या फाट्यांवर तोललेली. फुलाला पाकळ्या नाहीत, आणि तरी ते वाटेवरच्या माणसाला थांबवतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी बाबांना ते एका टेकडीवर भर फुलोऱ्यात भेटलं होतं. रेशमी दोऱ्यांना लोंबणारे पिवळे पुंकेसर, फुंकर घातली तरी झुलणारे. बाबांनी नवी जात म्हणून ते एका नियतकालिकात जाहीर केलं. पलीकडच्या उतारावर आईला सापडलं ते फळं धरलेलं. चांदणीसारखे घोस, प्रत्येक फळाला एक बारीक, वाकडं नख. तिनेही नवी जात जाहीर केली, दुसऱ्या नियतकालिकात. लग्न नंतरचं. घरात बाबांची ती झुलती आणि आईची नखुली. दोघांच्या नावावर जगात एवढी एकेकच जात.

"नखुलीच्या एका घोसातलं बी पेरलं मी," लेक म्हणाली. "अकरा रोपं आली. सहांना बाबांचे झुलते पुंकेसर, पाचांना तुझी नखं. झुलती नर आहे गं, नखुली मादी. जात एकच."

"माझ्या पानाखाली लव आहे. ह्यांच्या नाही."

"उन्हात ठेवलं की दोघांनाही येते. बघ."

आईने भिंग घेतलं. पान उलटं केलं, बोटांत चोळलं, वास घेतला. मग पुंकेसराचं टोक बघितलं, फळावरच्या शिरा नखाने मोजल्या. पुन्हा पहिल्यापासून. हा क्रम लेकीने बाळपणापासून पाहिलेला. बाकीच्या आया तांदूळ निवडतात तशी ही पानं निवडायची.

"पानाचा देठ?"

"सारखाच."

"फळ?"

"बाबांना मिळालंच नव्हतं. 'फळ पुढे कधीतरी' असं लिहिलंय त्यांनी. आणि तू लिहिलंस, 'पुंकेसर गळून गेलेले.' गळले नव्हते, आई. मुळात नव्हतेच."

आई हसली. "म्हणजे एकेचाळीस वर्षं आम्ही नवरा-बायकोला शेजारी-शेजारी समजलो म्हण."

मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "कुठे शिकलीस इतकं बारीक बघायला?"

"आहे एक हट्टी बाई."

गॅलरीत बाबा पाणी घालत होते. त्यांना कमी ऐकू येतं. कुठल्याशा रोपाशी त्यांचं मोठमोठ्याने बोलणं चाललं होतं.

"दोन नावं नाही राहू शकत," लेक हळूच म्हणाली. "आधीचं राहतं. नंतरचं जातं."

"ते ठाऊक आहे मला. कुठलं जातंय?"

लेकीने खाली बघितलं. "तुझं."

आईने नखुलीचं एक पान तेवढं सरळ केलं.

"तुझा लेख मार्चच्या अकराला लोकांच्या हाती पडला, हे पक्कं आहे. बाबांच्या अंकावर त्याच वर्षाचा जानेवारी आहे."

"छापलेल्या महिन्याला काय अर्थ! आमंत्रणावर सात लिहितात, माणसं नऊला येतात."

"म्हणून तर ग्रंथालयात गेले. अंक ज्या दिवशी बाहेर पडला तोच दिवस खरा. पण बांधणीवाल्याने मुखपृष्ठं फाडून टाकलीत, अंक आल्याच्या तारखेचा शिक्का त्यांवरच होता. दुसरा पुरावा नसेल तर छापलेलाच महिना धरायचा." ती जरा पुढे झुकली. "तुझ्याकडे आहे का काही? चिठ्ठी, पाकीट, काहीही. शोधू या ना, आई. मला तुझं नाव पुसायचं नाहीये."

आईने पुस्तक जवळ ओढून घेतलं.

"इतकी वर्षं कोण जपतंय कागद? लिही तू. जे खरं ते लिही."

"रागावलीस?"

"वेडी का तू? जे आम्हा दोघांना दिसलं नाही ते तुला दिसलं. रागावू कशाला? ऊर भरून आलाय माझा." तिने लेकीच्या गालावर मातकट हात ठेवला. "आणि अर्धा तास भांडले की मघाशी. तेवढं पुरे."

लेकीने डोळे पुसत वही पिशवीत भरली. दारात वळून तिने आईकडे बघितलं, एखाद्या उंच झाडाकडे बघावं तसं. मग जिना उतरून गेली.

बाबा झारी घेऊन आत आले.

"पोरगी काय म्हणत होती गं? झुलतीचं काही?"

"झुलती राहिली," आई त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

"राहणारच!" बाबांचा चेहरा उजळला. "आणि तुझी नखुली?"

"ती तुमच्यातच आली."

बाबा खूश होऊन झारी भरायला गेले. नळावरून त्यांचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

आईने मोठी कुंडी ओढली. दोन्ही रोपं तीत शेजारी-शेजारी लावायची होती. तळाच्या भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून कागद हवा होता. तिने पुस्तक उघडलं, खुणेची पट्टी काढली. अंक टपालाने पाठवताना त्याभोवती गुंडाळतात तसली ती पट्टी, आणि तिच्यावर बाबांचं तरुण, तिरपं अक्षर: 'झुलती आजच छापखान्यातून बाहेर पडली. पहिली प्रत तुला.'

आईने त्या अक्षरावरून एकदा बोट फिरवलं. मग पट्टीची घडी करून तिने ती भोकावर ठेवली आणि ओंजळीने माती लोटली. तिकिटावरचा टपालाचा शिक्का सर्वांत शेवटी झाकला गेला: सहा मे.