कोकमचं गिऱ्हाईक

पहिल्याच अडथळ्यापाशी कोकम थांबला. पाठीवरची अनुया घोड्याच्या मानेवर आदळली, सावरली, त्याला वळवून पुन्हा आणलं. तो पुन्हा थांबला. भोंगा वाजला. दोनदा नकार म्हणजे त्या फेरीतून बाद.

"माझ्यासारखाच आहे," कुंपणापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले. "आधी नाही म्हणायचं, मग विचार करायचा."

"दुपारी अजून एक फेरी आहे. ऊन वाढतंय, तुम्हाला घरी सोडून येऊ का?"

"घरी बसायचं असतं तर आलो कशाला असतो?"

दोन केमोंच्या मधला हा त्यातल्या त्यात बरा आठवडा होता. तिने त्यांची खुर्ची सावलीत सरकवली.

आठवडाभर न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद बघायचे आणि सुट्टीला पनवेलबाहेरच्या या तबेल्यात यायचं, हे तिचं कॉलेज संपल्यापासून चालू होतं. मधलं एक वर्ष सोडून. तिची घोडी सखू पोटशूळाने गेली तेव्हा अनुया कित्येक दिवस धड जेवली नव्हती, आणि बाबा रोज तिचं ताट बघून उठायचे. शेवटी त्यांनीच तिला परत इथे पाठवलं. तबेल्याचे मालक सत्यजीत यांनी तिला स्वारीसाठी आपला एक नवा घोडा दिला. रेसमधून काढलेला, पिकल्या कोकमाच्या रंगाचा.

दुपारी त्याच कोकमने कमाल केली. पहिला अडथळा त्याने हुंगल्यासारखा केला आणि उडाला. मग थांबलाच नाही. शेवटच्या जोडअडथळ्यावर त्याचे कान पुढे झाले, आणि अनुयाच्या लक्षात आलं की याला मजा येते आहे. एकही दांडा पडला नाही.

"पाखरू हाय, पाखरू!" घोड्यांची निगा राखणारा सईस काळूराम ओरडला. "सकाली नुसती गंमत करत व्हता आमची."

तबेल्यात एकटी असताना तिने कोकमच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. बाहेर आली ती डोळे पुसून.

सत्यजीत दारातच भेटले. "उद्याची फेरी अशीच कर. कोकमला गिऱ्हाईक आलंय."

"कोण?"

"ते विचारायचं नाही. गिऱ्हाईक गर्दीत उभं राहून बघतं. स्वाराला कळलं की तो घोड्याकडे लक्ष द्यायचं सोडून गिऱ्हाइकासाठीच दिखावा करत बसतो."

परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "आवडला का गं तुला हा?"

"बरा आहे."

"नुसता बरा?"

"दुसऱ्याचा घोडा, बाबा. आवडून काय करायचंय?"

हे ती हसत म्हणाली. सखूच्या वेळचं सगळं त्यांना आता पुन्हा बघायला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. 

रविवारी तिने गिऱ्हाईक ओळखलं. पांढरा शर्ट, काळा चष्मा, पुण्याच्या नंबरची गाडी. तो प्रत्येक घोड्याचं मोबाइलवर चित्रण करत होता. कोकम रिंगमध्ये आला तसा तो कुंपणाला टेकून उभा राहिला.

ऐन उडीच्या क्षणी लगाम बोटभर मागे ओढला की घोड्याचं डोकं वर जातं, मागचे पाय खाली राहतात आणि दांडा पडतो. लांबून घोड्याचीच चूक दिसते. अनुयाने हे आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या दिवशी तिने ते तीनदा केलं. प्रत्येक वेळी कोकमचा एक कान मागे तिच्याकडे वळला, काय चुकलं विचारल्यासारखा. आणि प्रत्येक वेळी तो पुढच्या अडथळ्याकडे तितक्याच भरवशाने धावला.

पांढऱ्या शर्टवाल्याने मोबाइल खिशात टाकला आणि तो निघून गेला.

"याला नजर लागली वाटतं," काळूराम लगाम धरत म्हणाला. "मिरच्या उतरवतो."

थोड्या वेळाने सत्यजीत आले. "गिऱ्हाईक नको म्हणालं," एवढंच सांगून ते वळले. अनुयाने कोकमला आणलेली सगळी गाजरं एकदम खायला घातली. तो खात होता आणि ती त्याचं कपाळ चोळत हसत होती.

बाबा आधीच गाडीत जाऊन बसले होते.

"पडली नाहीस ना? झालं तर," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढचे आठवडे हॉस्पिटलमध्ये गेले. त्यातच एकदा सत्यजीत यांचा फोन आला. तबेल्याचा खर्च झेपत नव्हता. कोकमला लग्नाच्या वराती करणाऱ्या एकाने नेलं होतं. कुठे, ते तिने विचारलं नाही. बाबांच्या नाकात नळी होती आणि तिच्या हातात त्यांचा हात होता. काही दिवसांनी तोही सुटला.

तेरावं झाल्यावर सत्यजीत भेटायला आले. चहा तसाच ठेवून त्यांनी आधी बाबांच्या फोटोला हात जोडले.

"काकांनी सांगू नको म्हणून बजावलं होतं," ते म्हणाले. "कोकम ते घेणार होते. तुझ्यासाठी. मी गेल्यावर तिच्याजवळ कोणीतरी असू दे, म्हणायचे. शनिवारची फेरी बघून त्यांनी पक्कं केलं होतं."

अनुयाने त्यांच्यापुढचा गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला.

"रविवारी मला गाडीतून फोन केला, नको म्हणून. मी म्हटलं, काका, घोड्याचा आजचा दिवस वाईट होता. तर म्हणाले, घोड्याची काही चूक नाही रे, इतकी वर्षं मी तिला बघतोय, लगाम तिनेच ओढला. तिला तो नकोय, आणि मी दिला तर माझं मन राखायला जन्मभर सांभाळत बसेल."