तेलाचा वास

"वहिनी, तेल अजून तापलं नाही का?" अनेलनं दारातून विचारलं.

"तापतंय," शोल्पान म्हणाली आणि लाटणं उगाचच जोरात फिरवलं.

नऊ वर्षांची पोटची पोर तिला वहिनी म्हणत होती. त्यात पोरीचा काही दोष नव्हता. आमच्याकडे पहिलं मूल सासूच्या ओटीत घालतात. मग ते तिचंच. तीच त्याची आई. जन्म देणारी वहिनी होते आणि बाप दादा. थोरांसमोर आपल्या पोराला जवळ घ्यायचं नाही, हेही ओघानं आलंच. शोल्पाननं कधी घेतलं नव्हतं. सुट्टीत यायची, लांबून बघायची आणि शहरात परत जायची.

काल सासूबाईंचा, काम्शातबाईंचा, चाळिसावा दिवस झाला. मेंढी कापली, गाव जेवलं. आज अनेलला घेऊन शहरात, कारागंडाला निघायचं होतं. शोल्पानचा नवरा येरबोल अंगणात गाडी भरत होता. निघण्याआधी या चुलीवर शेवटच्या सात शेलपेक तळायच्या राहिल्या होत्या. पिठाच्या पातळ पोळ्या लाटायच्या आणि कढईत सोडायच्या. तेलाचा वास सुटला की गेलेलं माणूस त्या वासानं घरी येतं आणि तृप्त होऊन जातं, म्हणतात.

पहिली शेलपेक टम्म फुगली. धूर सरळ खुंटीकडे गेला. तिथं सासूबाईंचं मखमली जाकीट होतं, खिशात अनेलसाठी ठेवलेल्या गोळ्या तशाच.

शेजारच्या उल्बोसिनकाकू आपल्या वाटणीची न्यायला आल्या. तुकडा मोडून तोंडात टाकत "पोहोचो तिला" म्हणाल्या. मग घरभर ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "झालं ना मनासारखं? लेक तुझी तुला मिळाली."

"काकू, अहो!"

"मी काय वाईट बोलले? आज ना उद्या आई म्हणेलच. नाही म्हणाली तर कानाखाली एक दे. आई देते, वहिनी देत नाही."

शोल्पानला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. सासूबाई अंथरुणाला खिळल्याचा फोन आला तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा हेच आलं होतं: आता लेक माझी. रडू नंतर आलं. हे तिनं येरबोललाही सांगितलं नव्हतं. पण या घरात आल्यापासून तिला वाटत होतं, सासूबाईंना ते कळलंय.

काकू गेल्या तशी अनेल चुलीपाशी येऊन बसली. तिची वेणी सुटली होती. शोल्पानचा हात तिच्या केसांकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सासूबाई खोलीत असल्या की थांबायचा, तसाच. बोटांना पीठ लागलंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"वहिनी, तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे?"

"आपलं घर. आठव्या."

"आईला लिफ्टची भीती वाटते."

शोल्पाननं पुढची शेलपेक कढईत सोडली.

"जिन्यानं तिचे गुडघे दुखतात. मग तिकडे शेलपेक तळल्या तरी ती वर कशी येणार?"

"अगं, ती आता..." शोल्पान म्हणू लागली. कढईतली शेलपेक करपली.

"मग मी नाही येत," अनेल म्हणाली. रडली नाही, आदळआपट केली नाही. उठली आणि खुंटीखाली, जाकिटाला डोकं टेकून बसली.

बाहेर येरबोलनं हॉर्न वाजवला. शोल्पान तव्यासारखी तापली आणि तशीच निवली. पोरीला उचलून गाडीत घालता आलं असतं. चार दिवस रडली असती, मग विसरली असती. सासूबाईंना या घरात ठेवून दार लावून घ्यायचं, हेच तर तिनं ठरवलं होतं.

तिनं शेवटची शेलपेक तळली, गरमच फडक्यात गुंडाळली आणि अनेलच्या मांडीवर ठेवली.

"ही हातात धर. वास येत राहील. तिला मागोमाग येता येईल."

अनेलनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आणि जाकीट?"

शोल्पाननं खुंटीवरून जाकीट काढलं. आजवर तिनं त्याला हात लावला नव्हता.

गाडीत अनेलनं ते मागच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवलं. काच खाली केली. बाहेरचं मोकळं माळरान थंडीनं पांढरं पडलं होतं.

"काच लाव गं," येरबोल म्हणाला. "गोठवतेस का आम्हाला?"

"दादा, काच लावली तर वास बाहेर कसा जाईल?"

येरबोलनं बायकोकडे पाहिलं. आई त्याचीही गेली होती. त्यानं टोपी कानांवर ओढली आणि पुन्हा काचेचं नाव काढलं नाही.

गाव मागे पडलं तशी अनेल म्हणाली, "वहिनी, लिफ्टमध्ये आईचा हात तू धरशील? मी लहान आहे."

"धरीन."

"आत्तापासूनच धर. म्हणजे ती घाबरणार नाही."

शोल्पाननं पुढं बघतच हात मागे नेला. थोडा वेळ तो तसाच हवेत राहिला. मग तिच्या पंजात एक हात आला, उबदार, तेलानं ओशट. तिनं तो घट्ट धरला. खांदा भरून आला तरी सोडला नाही.

बऱ्याच वेळानं येरबोलनं आरशात पाहिलं. "झोपली बघ पोर," तो म्हणाला. "कधीची."

शोल्पाननं मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात धरलेल्या बोटांची पकड अजून तेवढीच घट्ट होती.