सातने भागल्यावर

कुंभकोणमच्या कॉलेजात गणित विभागात आम्ही चौघं होतो: वरदाचारी, नटेशन, अलमेलू आणि मी. फळ्यावरच्या एकवीस आकडी संख्येला सातने भागलं की बाकी चार उरायची. भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा आणि कागद एकदम उलटायचे, ही आमची रीत.

वरदाचारी वारले, त्या दिवशी बाकी तीन आली.

"चुकलात, सर," अलमेलू मला म्हणाली. "संख्या काय नारळ आहे, वाळून कमी व्हायला?"

संगणकानंही तीनच सांगितलं. नटेशन वारला, तेव्हा दोन.

आज दुपारी कॉफी निवेपर्यंत आम्ही दोघांनी पुन्हा भागाकार केला. कागद उलटले. दोन्हींवर एक.

अलमेलूनं मान वर केली नाही.

"सर, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो.

तिनं पुन्हा तेच विचारलं, जरा मोठ्यानं.