करूळ घाटातला व्हॉल्व्ह

करूळ घाटाच्या चढावर शाल्मलीची टर्बो गाडी पुन्हा बंद पडली. मागच्या सीटवर आईशेजारी बाबा छाती धरून घामाने निथळत होते.

तिने बॉनेट उघडलं. जादा दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची स्प्रिंग सैल पडून इंजिनाला जोर देणारी टर्बोची हवा बाहेर निसटत होती.

"सोड ते, दुसरी गाडी थांबव गं," आई रडत म्हणाली. पण रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

तापलेल्या इंजिनात हात घालून शाल्मलीने व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबणारा स्क्रू आवळला. बोटं पोळली. गाडी सुरू होऊन गचकली. "देवा, एकदाच चालू दे," म्हणत तिने स्क्रू अजून आवळला. या वेळी गाडीने चढ घेतला.

शाल्मलीने गॅरेज काढल्यापासून तिच्याशी अबोला धरलेल्या बाबांनी संध्याकाळी दवाखान्यात डोळे उघडले. तिच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे पाहत ते पुटपुटले, "चांगली ओढते गं तुझी गाडी."