हुकूम कुठून सुटतो
बासष्ट सालच्या गालफुगीनं बाबारावचे वृषण आटले, तेव्हापासून त्याला बायकोजवळ जाणं जमलं नव्हतं. इच्छाच विझली होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन दंडात दिलं, तेव्हा त्यानं न राहवून विचारलं, "साहेब, बिमारी खाली अन् सुई वर काहून?" डॉक्टर म्हणाले, "औषध रक्तातून मेंदूत जातं. ताठरतेचा हुकूम बराचसा तिथूनच सुटतो. आधी मन जागं होईल, मग अंग." गावी परतल्यावर बाबाराव रोज स्वतःच्या अंगाचा कानोसा घेई, पण काहीच कळेना. तिसऱ्या सुईनंतर कापूस वेचताना त्याचे हात आपसूक थांबले. शेजारच्या ओळीत बायको गुणगुणत होती. तो ऐकत राहिला, आणि अंगात ओळखीची ऊब सरकली. "हे गाणं नवं शिकली का वं?" त्यानं विचारलं. "नवं कायचं?" ती म्हणाली. "सालभर हेच म्हणून राह्यली मी."